लंडनच्या पुस्तकविक्रेत्याचं १७२४चं मृत्युपत्र : वाचन आणि वाटणीचा तक्ता

९ जून

काम हातात घेतलं. लॉम्बर्ड स्ट्रीटचे पुस्तकविक्रेते थॉमस गाय यांनी ४ सप्टेंबर १७२४ रोजी मृत्युपत्र केलं आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला ते वारले. ते मृत्युपत्र सगळंच्या सगळं उतरवून काढायचं आणि त्यावरून एक तक्ता करायचा: कोणाला, काय, किती आणि कोणत्या अटीवर.

हेच मृत्युपत्र का, तर माणूस व्यापारी होता. सरदार नाही, जमीनदाराच्या घरातला नाही. वडील साउथवर्कला थेम्सच्या काठी होड्यांतून मालाची ने-आण करत आणि कोळसा विकत. मुलगा १६६०मध्ये चीपसाइडच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. १६६८मध्ये त्याने कॉर्नहिल आणि लॉम्बर्ड स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर स्वतःचं दुकान टाकलं. बायबलच्या धंद्यात जम बसला, पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छपाईतही भागीदारी मिळाली. लग्न केलं नाही. 'सगळा पैसा रुग्णालयाला दिला' एवढं एक वाक्य सगळीकडे सापडतं. हे रुग्णालय म्हणजे त्यांनीच स्थापन केलेलं लंडनचं गाईज हॉस्पिटल. वाटणी नेमकी कशी केली, हे मराठीत कुठे मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही. आमच्या अभ्यासगटात मोडीतली वाटणीपत्रं वाचणारे बरेच आहेत. त्यांच्यापैकी कोणाला इंग्रजी मृत्युपत्रांकडे वळायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात.

साधनं दोन. एक, कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाच्या (मृत्युपत्रं शाबीत करणारं चर्चचं न्यायालय) नोंदवहीतली प्रत. तिथल्या कारकुनांनी मूळ मृत्युपत्रं वहीत उतरवून ठेवली. या वह्या आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन मिळतात. दुसरं, १७२५मध्ये लोकांसाठी छापलेली प्रत. एका दुकानदाराचं मृत्युपत्र छापून विकलं गेलं, यावरूनच तेव्हा केवढी चर्चा झाली असेल ते कळतं.

१२ जून

आधी छापील प्रतीवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं. चाललं नाही. तेव्हाच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' उभा लांब असतो, तो सॉफ्टवेअरला 'एफ' वाटतो. 'सिक'चं 'फिक' होतं, 'सिस्टर'चं 'फिफ्टर'. नुसतं 'शोधा आणि बदला' करावं, तर खरे 'एफ' बिघडतात. दुरुस्त्या करण्यात दोन-तीन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी तो मजकूर टाकूनच दिला. हाताने टंकणं यापेक्षा लवकर होतं. ज्यांना हे करायचंय त्यांनी ओसीआरच्या नादी लागू नये, निदान १८००च्या आधीच्या कागदांसाठी तरी.

१६ जून

नोंदवहीच्या प्रतिमा ए-थ्री कागदावर छापून घेतल्या. पहिल्या वेळी दुकानात काळ्या-पांढऱ्यात काढल्या, तर शाईचे बारीक फराटे उडाले आणि पानामागची शाई पुढे उतरल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा रंगीत काढाव्या लागल्या, पानाला चाळीस रुपये. पैसे वाचवायचे असतील तर सगळी पानं छापू नका. अडलेल्या ओळी पडद्यावर मोठ्या करून वाचा आणि तेवढंच पान छापा.

अक्षर अवघड नाही. अठराव्या शतकातलं कारकुनी इंग्रजी अक्षर गोलसर असतं, सवय झाली की पटापट वाचता येतं. अडचण विरामचिन्हांची. नाहीतच. पानच्या पान एक वाक्य चालू. मोडी वाचणाऱ्यांना हे नवं नाही. उपाय सोपा निघाला: प्रत्येक देणगी 'आयटम' या शब्दाने किंवा 'मी देतो' अशा अर्थाच्या ठरावीक शब्दांनी सुरू होते. आधी मजकूर न वाचता फक्त ते शब्द शोधून लाल पेन्सिलीने गोल करायचे. दोन लाल गोलांच्या मधला मजकूर म्हणजे तक्त्यातली एक ओळ. रकमा बहुतेक अक्षरांत लिहितात, त्यामुळे आकडा चुकीचा वाचण्याची भीती कमी.

शेवटचा परिच्छेद लॅटिनमध्ये आहे. इंग्लंडच्या कोर्टांचं कामकाज इंग्रजीतून व्हावं हा कायदा १७३३मध्ये अमलात आला, तोवर प्रोबेटची (मृत्युपत्र कोर्टाने मान्य केल्याची) नोंद लॅटिनमध्ये होत असे. घाबरायचं कारण नाही, मजकूर साचेबंद असतो: 'प्रोबातुम फुइत', म्हणजे मृत्युपत्र शाबीत झालं, मग ठिकाण, न्यायाधीश, तारीख आणि शपथ घेतलेल्या एक्झिक्युटरांची (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांची) नावं. त्यातून फक्त तारीख आणि नावं उचलायची.

२३ जून

तक्त्याने आज दगा दिला. एक्सेलमध्ये पौंड-शिलिंग-पेन्स दशांशात भरले होते. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. एक पेनी म्हणजे ०.००४१६६… पौंड. बेरीज केली की शेवटचे पेन्स कधी जुळतात, कधी नाही.

आमच्या आजोबांच्या दुकानाच्या वह्या रुपये-आणे-पैत आहेत. १२ पैचा आणा, १६ आण्यांचा रुपया. आजोबा मोठी बेरीज करताना आधी पै पाडून घ्यायचे, मग वर चढायचे. तेच इथे केलं. सगळ्या रकमा पेन्समध्ये भरायच्या, पौंडाला २४० पेन्स, आणि उत्तर आलं की परत पौंडांत फिरवायचं.

ताळा पाहायला प्रसिद्ध आकडे घेतले. रुग्णालय बांधायला १८,७९३ पौंड १६ शिलिंग १ पेनी, म्हणजे ४५,१०,५१३ पेन्स. रुग्णालयाच्या कायमच्या खर्चासाठी ठेवलेली रक्कम २,१९,४९९ पौंड ० शिलिंग ४ पेन्स, म्हणजे ५,२६,७९,७६४ पेन्स. बेरीज ५,७१,९०,२७७ पेन्स. उलट फिरवलं की २,३८,२९२ पौंड १६ शिलिंग ५ पेन्स. जुन्या लेखकांनी दिलेली बेरीज पेनीसकट हीच आहे. आता पुढच्या ओळी निर्धास्त भरता येतील.

२९ जून

तारखांचा गोंधळ. कागदांवरून रुग्णालयात पहिले ६० रोगी घेतले ते ६ जानेवारी १७२४ला, आणि थॉमस गाय वारले २७ डिसेंबर १७२४ला. म्हणजे रुग्णालय त्यांच्या हयातीतच जवळजवळ वर्षभर चालू होतं असं कोणालाही वाटेल. तसं नाही. इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे तिथला 'जानेवारी १७२४' हा डिसेंबर १७२४च्या नंतरचा महिना, आपल्या हिशेबाने जानेवारी १७२५. मालक गेल्यावर दहाव्या दिवशी दारं उघडली.

तक्त्यात तारखेचे दोन रकाने केले: कागदावर जशी आहे तशी आणि आजच्या पद्धतीची. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली कोणतीही तारीख दिसली की सावध व्हायचं.

७ जुलै

नातेवाइकांच्या ओळी. ही सर्वांत वेळखाऊ जागा. मुलंबाळं नाहीत, त्यामुळे चुलत-मावस भावंडं, त्यांची मुलं, असा गोतावळा मोठा. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द, 'कझिन'. आत्याचा नातू आणि मामाची मुलगी, दोघंही तेच. मराठी नातं लिहायचा मोह होतो, पण वंशावळ हाताशी नसेल तर लिहू नये. मी रकान्यात नुसतं 'कझिन' ठेवलं.

खरा खड्डा 'अ‍ॅन्युइटी' या शब्दाचा. त्या काळच्या मृत्युपत्रांत याचे दोन उपयोग. एक म्हणजे दरवर्षी, मरेपर्यंत मिळणारी रक्कम. दुसरा म्हणजे व्याज देणारे कर्जरोखे, म्हणजे मुद्दल. 'अमुक इतक्या पौंडांच्या ४ टक्के अ‍ॅन्युइटीज' असं असेल तर ते रोखे आहेत, दरवर्षी तेवढे पौंड मिळणार असं नाही. दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर बेरीज निरर्थक होते. म्हणून 'एकरकमी / रोखे' आणि 'वार्षिक' असे वेगळे रकाने केले.

तसं केल्यावर वाटणीचं रूप दिसायला लागलं. वयस्कर नातेवाइकांना मिळून वर्षाला ८७० पौंड, त्यांच्या हयातीपुरते. तरुण नातेवाइकांना आणि एक्झिक्युटरांना रोख्यांच्या रूपात ७५,५८९ पौंड. म्हाताऱ्यांना भांडवल दिलं नाही, उदरनिर्वाह दिला. तरुणांना भांडवल दिलं, ज्यावर ते काही उभं करतील. हा हिशेबी माणसाचा विचार आहे आणि मला तो फार चांगला वाटला. ४ टक्क्यांनी धरलं तर ८७० पौंडांसाठी २१,७५० पौंड मुद्दल बाजूला ठेवावं लागतं. घेणारा एकेक जाईल तसतसं ते मुद्दल मोकळं होऊन उरलेल्या मिळकतीत परत येतं.

१० जुलै

एक प्रश्न मनात होता: एवढी मोठी मिळकत नातलगांना बाजूला ठेवून मनासारखी देता येत होती का? लंडन शहरात तेव्हा जुना रिवाज होता. शहराच्या नागरिक-व्यापाऱ्याची जंगम मिळकत तीन भागांत जायची: एक बायकोचा, एक मुलांचा, आणि फक्त तिसरा भाग त्याच्या मर्जीचा. हे बंधन उठवणारा कायदा झाला, पण तो १ जून १७२५पासून लागू झाला. थॉमस गाय त्याआधीच गेले होते. ते अविवाहित, म्हणून रिवाजाचा हक्क सांगणारं कोणी नव्हतं आणि सगळी मिळकत मोकळी होती. एक बायको आणि एक मूल असतं तर हे मृत्युपत्र असं लिहिताच आलं नसतं.

दुसरी गोष्ट १७३६ची. त्या वर्षीच्या मॉर्टमेन कायद्याने मृत्युपत्राद्वारे धर्मादायाला जमीन देणं बंद केलं. जमीन द्यायचीच तर दस्त करून, मृत्यूच्या किमान १२ महिने आधी. तेव्हा अठराव्या शतकातलं कोणतंही मृत्युपत्र हाती घेतलं तर आधी साल पाहा: १७२५च्या अलीकडचं की पलीकडचं, १७३६च्या अलीकडचं की पलीकडचं.

१४ जुलै

टॅमवर्थच्या ओळी. हे स्टॅफर्डशरमधलं गाव त्यांच्या आईचं. तिथे त्यांनी तरुणपणीच गरीब म्हाताऱ्यांसाठी निवारा बांधला होता, १७०१मध्ये टाउन हॉल बांधून दिला आणि १६९५पासून ते तिथून पार्लमेंटवर निवडून येत होते. १७०८मध्ये गावाने त्यांना पाडलं. तो घाव त्यांनी मृत्युपत्रापर्यंत जपला. निवाऱ्याला पैसा दिला, पण जागा ठेवल्या आपल्या नातलगांना आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या लोकांना: अमिंग्टन, ग्लासकोट, हॉपवास आणि अशाच इतर. खुद्द टॅमवर्थ गाव वगळलं. मतं देणाऱ्यांचा राग मतं नसलेल्या म्हाताऱ्यांवर काढला, हे मला पटत नाही. तक्त्यात 'अट' हा रकाना नसता तर ही ओळ साध्या दानासारखी दिसली असती.

१८ जुलै

लहान दिसणाऱ्या दोन ओळींवर थांबलो.

पहिली: लंडन, मिडलसेक्स आणि सरे इथल्या तुरुंगांत कर्जापायी अडकलेल्या गरिबांना सोडवायला १,००० पौंड. माणशी ५ पौंडांपेक्षा जास्त नाही. म्हणजे अगदी कमीत कमी २०० माणसं सुटणार. त्या काळी पाच पौंडांच्या देण्यासाठी माणूस आत राहायचा आणि आत असल्यामुळे कमावू शकायचा नाही. कमाल मर्यादा घातली म्हणूनच पैसा एखाद्या मोठ्या कर्जदारावर न संपता खाली झिरपला.

दुसरी: ख्राइस्ट्स हॉस्पिटलला वर्षाला ४०० पौंड, कायमचे. नाव हॉस्पिटल असलं तरी ही शाळा आहे. दरवर्षी चार मुलं घ्यायची, आधी थॉमस गाय यांच्या नात्यातली. इथे 'एकूण चार मुलं' असं वाचू नये. दरवर्षी नवी चार. एखादं मूल सात वर्षं राहतं असं धरलं तर एका वेळी २८ मुलं, माणशी वर्षाला चौदा पौंडांच्या आसपास. हे गणित मी अंदाजाने केलंय, म्हणून तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवलं.

२१ जुलै

मुख्य कलम. देणग्या, वार्षिक रकमा, कर्ज, खर्च सगळं भागवून जे उरेल ते रुग्णालयाला.

हे कलम मृत्युपत्रात सगळ्यांच्या नंतर येतं आणि वजनाने सगळ्यांत मोठं आहे. पुढच्यांना माझं कळकळीचं सांगणं: मृत्युपत्र शेवटाकडून वाचायला घ्या. आधी 'उरलेलं सगळं' कोणाला ते पाहा, मग वरच्या देणग्यांकडे या. वरची नावं पुष्कळ असतात, त्यांत मन गुंतून पडतं, आणि मिळकत मात्र शेवटच्या चार ओळींत गेलेली असते.

आता ते कोणासाठी, ते पाहू. ४०० किंवा अधिक गरीब रोगी. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने ज्यांना उतार पडू शकेल, पण बरं होण्याची आशा थोडी किंवा वेळ फार लागणार म्हणून ज्यांना 'असाध्य' ठरवलं जातं आणि सेंट थॉमस रुग्णालयात घेत किंवा ठेवत नाहीत, असे. शिवाय याच कारणाने परत पाठवलेले वेडसर रोगी, विसापर्यंत. थॉमस गाय १७०४पासून सेंट थॉमसचे गव्हर्नर (कारभारी मंडळाचे सदस्य) होते, तिथे त्यांनी तीन वॉर्ड बांधून दिले होते. दारातून परत जाणारी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली असणार. नवं रुग्णालय त्यांनी सेंट थॉमसकडूनच ९९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेल्या जागेवर, रस्त्याच्या पलीकडे बांधलं. ज्याला कोणी घेत नाही तो यांचा लाभार्थी.

त्यात आणखी एक शहाणपण आहे. रोगी जन्मभर ठेवायचा की काही काळ, हे त्यांनी एक्झिक्युटरांच्या विवेकावर सोडलं. या मोकळीकीमुळे पुढे ते सर्वसाधारण रुग्णालय होऊ शकलं. अट घट्ट असती तर कदाचित चारशे खाटा कायमच्या अडल्या असत्या आणि नवा रोगी बाहेरच राहिला असता. टॅमवर्थला मुठी आवळलेला माणूस इथे हात सैल सोडतो.

कारभार चालवायला एक्झिक्युटरांनी पार्लमेंटकडून कायदा करून घ्यावा, असंही लिहिलं होतं. तो १७२५मध्ये झाला. सर ग्रेगरी पेज पहिले अध्यक्ष, चार्ल्स जॉय पहिले खजिनदार.

२८ जुलै

पुतणी लंडनला नोकरीला आहे. तिला लंडन ब्रिजजवळच्या गाईज हॉस्पिटलच्या चौकातला पुतळा पाहायला सांगितलं होतं. शिल्पकार शेमेकर्सने केलेला ब्राँझचा पुतळा, अंगावर व्यापारी संघाचा झगा. तिने चौथऱ्यावरच्या पट्ट्यांबद्दल फोनवर सांगितलं: एका बाजूला येशू रोग्याला उठवतोय, दुसरीकडे दयाळू शोमरोनी (बायबलच्या गोष्टीतला, जखमी परक्याला मदत करणारा वाटसरू).

"काका, खाली लिहिलंय की यांनी हे रुग्णालय स्वतःच्या हयातीत एकट्याने स्थापन केलं. मग तुम्ही मृत्युपत्र कशाला वाचत बसलाय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तक्त्यात हवं होतं, म्हणून आज तक्ता फोडून दोन भाग केले. हयातीत दिलेलं: बांधकाम, टॅमवर्थचा निवारा आणि टाउन हॉल, सेंट थॉमसचे वॉर्ड. मृत्युपत्राने दिलेलं: रुग्णालय रोज चालवायचा पैसा, नातलग, कैदी, मुलं. इमारत हयातीतली आहे, तिच्यातली चूल पेटती ठेवणारा पैसा मृत्युपत्रातला. तिला तसं सांगितलं, तेव्हा म्हणाली, "मग दोन्ही लिहायला हवं होतं ना."

४ ऑगस्ट

'पैसा कुठून आला' हा रकाना मृत्युपत्रावरून भरता येत नाही, पण तो रिकामा ठेवणं मला योग्य वाटत नाही. बायबल विकून दुकान उभं राहिलं. प्रचंड संपत्ती झाली ती साउथ सी कंपनीच्या शेअरमधून. त्यांच्याकडे ४५,५०० पौंडांचे शेअर होते. १७२०मध्ये भाव चढत असताना, शंभर पौंडांच्या शेअरला ३००पासून ६००पर्यंत, ते शेअर विकत राहिले आणि २,३४,४२८ पौंड घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी फुगा फुटला आणि हजारो लोक बुडाले.

ती कंपनी काय करत होती? १७१३च्या करारानुसार स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं पुरवण्याचा मक्ता तिच्याकडे होता, वर्षाला ४,८०० 'पिएझा'. पिएझा म्हणजे एक धडधाकट प्रौढ. मूल किंवा म्हातारं माणूस त्याचा अंश धरायचे. मी इथे पेन्सची बेरीज जुळली म्हणून खूश होतो, आणि त्या वह्यांत माणसं अपूर्णांकांत मांडलेली. २०२०मध्ये चौकातला पुतळा फळ्या ठोकून झाकला होता तो याच कारणाने. रुग्णालयाने तीनशे वर्षं केलेलं काम खरं आहे, आणि हेही खरं आहे. तक्त्याच्या पहिल्या ओळीतच, नावाच्या शेजारी, साउथ सी कंपनी आणि तिचा मक्ता असं लिहिलं.

११ ऑगस्ट

तक्ता पहिल्या फेरीपुरता झाला. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. जिथे नावांचं स्पेलिंग वेगळं पडतं तिथे नोंदवहीतलं धरलं आणि छापील शेजारी दिलं.

नातलग-एक्झिक्युटरांचे रोखे आणि रुग्णालयाची रक्कम एवढ्या दोनच आकड्यांची तुलना केली तर दर चार पौंडांतला एक आप्तांना आणि तीन रुग्णालयाला, असं ढोबळ प्रमाण येतं. यात वार्षिक रकमा धरलेल्या नाहीत. त्या मुद्दलात फिरवून मिसळल्या तर प्रमाण बदलतं, आणि कोणता व्याजदर धरायचा यावर वाद होऊ शकतो. म्हणून तो हिशेब वेगळ्या पानावर ठेवलाय.

ज्यांना याच पद्धतीने दुसरं मृत्युपत्र घ्यायचंय त्यांच्यासाठी: मुंबईतही १७२६च्या सनदेने मेयर्स कोर्ट आलं आणि त्याला प्रोबेट देण्याचा अधिकार होता. मुंबईत वारलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांची मृत्युपत्रं त्यामुळे नोंदली गेली. अक्षर तेच, साचा तोच, पेन्सच्या जागी मात्र रुपये येतील, तेव्हा रकमा कोणत्या लहान नाण्यात पाडायच्या ते आधी ठरवून घ्या.

माझं राहिलेलं काम वार्षिक रकमांचं. रुग्णालयाचे जुने हिशेब लंडनच्या नगर-अभिलेखागारात आहेत. पुतणी वाचकपत्र काढणार आहे. सुरुवातीच्या वर्षांच्या वह्यांतून त्या ८७० पौंडांपैकी कोणत्या साली किती देणं बाकी होतं, तेवढं तिला उतरवून आणायला सांगितलंय.